सावलीतल्या अंगणात कोरांटी

"जिथे ऊन येत नाही तिथे फुलझाड कसले लावता?" असे आमच्या वस्तीतल्या भगिनी नेहमी म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. बैठ्या चाळीची मागची चिंचोळी जागा, समोर दुसऱ्या चाळीची भिंत, निम्म्यावर पत्रा. गुलाब, झेंडू, शेवंती यांना भरपूर ऊन लागते. अशा जागी ती नुसती उंच वाढतात, फुलत नाहीत. पण अर्धी सावली सोसणारे आणि ऐन थंडीत फुलणारे एक साधे झाड आपल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे कोरांटी.

आमच्या मागील दारी जांभळी कोरांटी आहे. सासूबाईंनी गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या दोन फांद्या आणल्या होत्या. आज सासूबाई नाहीत; पण दिवाळीच्या सुमारास झाड फुलू लागते आणि घरातल्या मुली आजीच्या आठवणीने फुले वेणीत माळतात.

कोरांटीचे अनेक प्रकार आहेत. पिवळी कोरांटी काटेरी असते, म्हणून ती कुंपणाला लावतात. जांभळी, पांढरी व गुलाबी कोरांटी अंगणासाठी बरी. अबोली आणि अडुळसा हीदेखील याच कुळातली झाडे. फुलाला वास जवळजवळ नसतो, पण रंग डोळ्यांत भरतो.

लावणी सोपी आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीतभर लांबीची, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी घ्यावी. खालची पाने काढून ती माती व वाळूच्या मिश्रणात तिरकी खोचावी. साधारण महिन्याभरात मुळे धरतात. कुंडीच हवी असे नाही. तेलाचा रिकामा डबा चालतो, मात्र बुडाला भोके पाडलीच पाहिजेत. मातीत कुजलेले शेणखत मिसळावे.

सावलीत माती लवकर सुकत नाही, हे लक्षात ठेवावे. रोज तांब्याभर पाणी ओतण्याच्या सवयीने मुळे कुजतात. बोट मातीत खुपसून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. सावली म्हणजे काळोख नव्हे. सकाळचे दोन-तीन तास तरी ऊन किंवा चांगला उजेड मिळेल अशा कडेला झाड ठेवावे. पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्याने फांद्या पुसून घ्याव्यात.

आता आमची चूक सांगतो. सासूबाई गेल्या त्या वर्षी झाड वेडेवाकडे वाढले होते. सणापूर्वी अंगण नीट दिसावे म्हणून आम्ही ऑक्टोबरात ते छाटून टाकले. त्या हिवाळ्यात एकही फूल आले नाही. धाकटीने विचारले, "आजीचे झाड मेले का?" आम्हाला उत्तर देता येईना. शेजारच्या आजींनी समजावले, "बाई, कळ्या शेंड्यांना धरतात. तुम्ही कळ्याच कापल्या." तेव्हापासून फुले संपल्यावर, फेब्रुवारीत, आम्ही झाड निम्मे छाटतो. पावसाळ्यात शेंडे खुडले की फांद्या फुटतात. पण गणपतीच्या दिवसांनंतर कात्री लावायची नाही.

आता आमची चाळ पाडून तिथे इमारत होणार आहे. तोवर भाड्याच्या खोलीत राहायचे. जमिनीतले जुने झाड उपटून नेले तर जगेलच असे नाही. म्हणून यंदा पावसाळ्यात आम्ही सहा डब्यांत फांद्या लावल्या. पाच जगल्या. दोन डबे शेजारणींना दिले, तीन आमच्याबरोबर येतील. नव्या घराच्या गॅलरीत ऊन किती येईल ते माहीत नाही. पण कोरांटीला थोडक्यात भागवता येते.

भगिनींनो, आपल्या गावी किंवा शेजारी कोरांटी असेल तर एक फांदी मागून आणा. तिला पैसे पडत नाहीत.