तुरा, रंग आणि बापपण

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन शहरात आर्नोल्ड बेर्टहोल्ड या शरीरशास्त्रज्ञाने सहा तरुण कोंबड्यांवर एक प्रयोग केला. दोघांचे वृषण काढून त्यांना तसंच सोडलं. बाकीच्यांच्या पोटाच्या पोकळीत वृषण ठेवला, कुणाला स्वतःचा, कुणाला दुसऱ्याचा. पहिल्या दोघांचा तुरा भरलाच नाही, ते झुंजीच्याही वाटेला गेले नाहीत. उरलेले मात्र बांग देऊ लागले, झुंजू लागले, माद्यांमागे धावू लागले. वृषणाचा मज्जातंतूंशी असलेला जुना संबंध तर तुटला होता. म्हणजे जे काही पोचत होतं ते रक्तातून पोचत होतं. ‘हार्मोन’, म्हणजे संप्रेरक, हा शब्द विज्ञानात यायला मात्र १९०५ साल उजाडलं.

तेव्हापासून संप्रेरकांविषयी एक समज घट्ट बसला आहे: संप्रेरक हुकूम सोडतं आणि प्राणी तसा वागतो. हे अर्धंच खरं आहे. समाजात आपली जागा बदलली की संप्रेरकंही बदलतात, आणि ही उलटी वाट मला जास्त विलक्षण वाटते.

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या उथळ काठाला ‘अ‍ॅस्टाटोटिलापिया बर्टोनी’ नावाचा छोटा मासा राहतो. त्याच्या नरांत दोन थर असतात. थोडे नर झगझगीत रंगांचे. त्यांच्या चेहऱ्यावर डोळ्यापाशी काळी पट्टी असते, स्वतःची हद्द असते आणि माद्या त्यांच्याकडेच येतात. बाकीचे मळकट, जवळजवळ मादीसारखे दिसणारे. त्यांचे वृषणही आक्रसलेले. स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांनी या माशांचा अनेक वर्षं अभ्यास केला. टाकीतला दांडगा नर अंधारातच काढून घेतला आणि मग दिवे लावले, की दबून राहिलेला नर रिकामी जागा ओळखतो. काही मिनिटांतच त्याच्या अंगावर रंग चढतो, काळी पट्टी उमटते आणि तो इतरांना हुसकावू लागतो. मेंदूतल्या ज्या पेशी प्रजननाच्या संप्रेरकांची साखळी सुरू करतात, त्यांच्या भागात एक विशिष्ट जनुक लगेच जागं होतं. पुढच्या काही दिवसांत त्या पेशी आकाराने वाढतात, पाठोपाठ वृषण भरतात. आणि हद्द गमावली, तर हे सगळं उलट फिरतं. रंग आणि रुबाब आधी आला, वृषण नंतर भरले, हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे.

माणसातही याचा पुरावा आहे. फिलिपिन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन हे वृषणातलं संप्रेरक २००५ साली मोजलं आणि २००९ साली पुन्हा मोजलं. सुरुवातीला ज्यांची पातळी जास्त होती, त्यांना चार वर्षांत जोडीदार मिळून बाप होण्याची शक्यता अधिक होती. पण बाप झाल्यावर त्यांचीच पातळी इतरांपेक्षा कितीतरी जास्त उतरली. रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलांचं करणाऱ्या बापांत ती सर्वांत कमी आढळली. ही पौरुषाची घट समजणं मला साफ चुकीचं वाटतं. पिल्लांना भरवणाऱ्या अनेक पक्ष्यांच्या नरांतही असंच होतं.

‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणून गाजलेल्या ऑक्सिटोसिनबाबतही हुकमाचा समज अपुरा पडतो. उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातले प्रेअरी व्होल हे उंदरासारखे प्राणी जोडीने राहतात, आणि त्यांच्या या निष्ठेचं श्रेय बराच काळ ऑक्सिटोसिनला दिलं जात होतं. २०२३ साली मात्र पेशींवरचा ऑक्सिटोसिनचा ग्राही (रिसेप्टर) घडवणारं जनुकच निकामी केलेले व्होलसुद्धा जोड्या जमवतात, असं दिसून आलं. एका रेणूवर इतकं मोठं नातं टांगणं निसर्गालाही बहुधा परवडत नसावं.

एकट्या प्राण्याची जागा नव्हे, तर अख्ख्या कळपाची रीतच बदलली तर? केनियातल्या बबून माकडांचा एक कळप रॉबर्ट सापोल्स्की यांनी वर्षानुवर्षं पाहिला. एका पर्यटक निवासाच्या उकिरड्यावर खायला जाणारे या कळपातले सर्वांत भांडखोर नर १९८०च्या दशकात क्षयरोगाने दगावले. तिथल्या मांसात जंतू होते. मागे उरले शांत नर आणि माद्या. कळपातली दांडगाई कमी झाली, अंग साफ करून देणं वाढलं. एरवी खालच्या दर्जाच्या नरांच्या शरीरात ताणाची जी लक्षणं दिसतात, ती इथे फारशी दिसेनात. बबूनचे नर तारुण्यात आपला कळप सोडून दुसरीकडे जातात, त्यामुळे दहा वर्षांनी तिथे जुना नर एकही उरला नव्हता. तरी कळपाची रीत टिकली होती. बाहेरून आलेल्या नव्या नरांशी तिथल्या माद्या इतर कळपांतल्यापेक्षा लवकर सलगी करत, त्यांचं अंग साफ करून देत. नवे नर काही महिन्यांत तसेच वागू लागत.