आरशात रोज तीच गाडी? बेळगाव-शिनोळी रस्त्यावर जाणाऱ्यांनी हे माहीत करून घ्या

सकाळची पहिली शिफ्ट. हिंडलगा मागे पडतं, सुळगा जातं, उचगाव फाटा येतो आणि आरशात तीच दुचाकी. काल होती, परवाही होती. तुम्ही हळू झालात की तीही हळू. पोटात गोळा येतो. पण कुणाला सांगणार आणि काय सांगणार? “कुणीतरी मागे असतं” एवढंच? असं सांगितलं तर लोक हसतील, नाहीतर घरचे म्हणतील, “उद्यापासून जाऊ नको कामाला.”

हे दुसरं वाक्यच खरी अडचण आहे. शिनोळी, कागल, उद्यमबाग इथं कामाला जाणाऱ्या कितीतरी मुली ही गोष्ट घरी सांगतच नाहीत, कारण पाठलाग करणाऱ्याचं काही होत नाही आणि नोकरी मात्र हिची सुटते. त्यामुळं संशय महिना महिना मनातच राहतो आणि समोरचा धीट होत जातो.

आता पहिल्यांदा दुसरी बाजू बघू. मागची प्रत्येक गाडी पाठलागच करते असं नाही. वेंगुर्ला रोड हा एकच रस्ता. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला जाणारे शेकडो लोक एकाच वेळेला घरातून निघतात आणि एकाच वेळेला पंच करतात. त्यामुळं तीच गाडी रोज मागे दिसणं यात नवल काही नाही. आपण तिच्याकडं बघतो तसं तिच्यातला माणूसही आपल्याकडं “ही स्कूटी रोज पुढं कशी?” म्हणून बघत असेल! मागून हॉर्न वाजवत पाठ न सोडणारा एखादा शेवटी जवळ येऊन “ताई, स्टँड!” एवढंच ओरडून निघून जातो, हा अनुभव इथल्या प्रत्येक दुचाकीवालीला आहे.

मग खरं कसं ओळखायचं? सरळ रस्त्यावर कळत नाही, वळणावर कळतं. शहरात असाल तर सोपं आहे. टिळकवाडीत पेठांच्या गल्ल्या बऱ्यापैकी चौकोनी आहेत. डावीकडं वळा, पुन्हा डावीकडं, असं चार वेळा वळून निघालात तिथंच या. कामावर जाणारा कुठलाही शहाणा माणूस असा गोल फेरा मारत नाही. चौथ्या वळणानंतरही तीच गाडी मागे असेल तर तो योगायोग नाही. अर्थात हा फेरा माणसं असलेल्या गल्ल्यांतूनच मारायचा. सुनसान बोळात शिरलात तर पारख करता करता आपणच अडकायचो.

गावच्या रस्त्याला चौकोन कुठला? तिथं पेट्रोल पंप कामाला येतो. आत शिरा, हवा भरायचं निमित्त करा, चार-पाच मिनिटं थांबा. रोजचा प्रवासी असेल तर पुढं निघून जाईल, त्याचीही शिफ्ट आहे. पुढच्या फाट्यावर तो थांबलेला दिसला, तुम्ही निघाल्यावर पुन्हा मागे लागला, तर समजून जा. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं आधी निघून बघा. तुमची वेळ बदलली आणि त्याचीही बदलली, तर तो शिफ्टचा सोबती नव्हे.

पाठलाग करणाऱ्यांच्या जातीही वेगवेगळ्या असतात आणि त्याप्रमाणं काय करायचं ते बदलतं. बँकेतून रोकड घेऊन निघालेल्याच्या मागे लागणारे निराळे. ते बोलून गाडी थांबवायला बघतात: “साहेब, ऑइल गळतंय”, “टायर बसलाय”, “तुमच्या नोटा पडल्या”. अशा वेळी थांबायचं नाही. टायर खरंच बसला असेल तर गाडी स्वतःच सांगते. गर्दीच्या ठिकाणी जाऊन उतरा आणि मग बघा.

दुसरे फायनान्सवाले. गाडीचे दोन-तीन हप्ते थकले की नंबर वसुलीच्या माणसांकडं जातो. लोक त्यांना सीझर म्हणतात. नाक्यावर उभं राहून नंबर टिपायचे, मागे यायचं आणि आडवं घालून किल्ली काढून घ्यायची, ही त्यांची पद्धत. हप्ता थकणं हा गुन्हा नव्हे, पण रस्त्यात अडवणं हा गुन्हा होऊ शकतो. वसुलीच्या माणसाकडं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलंच पाहिजे. कर्जवसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. धाकदपटशाही चालत नाही. कागद दाखवा म्हणा, आणि हे बोलणं पोलीस ठाण्याच्या दारात करा, भर रस्त्यात नको.

तिसरे ओव्हरटेकवरून डोकं फिरलेले. त्यांच्याशी नजर भिडवायची नाही, हातवारे करायचे नाहीत, बाजूला होऊन जाऊ द्यायचं. बहुतेक वेळा दोन किलोमीटरमध्ये राग उतरतो.

आणि चौथा, ज्याच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिलाय: बाईच्या मागे लागणारा. हा बऱ्याचदा अनोळखी नसतोच. एकाच कंपनीतला, एकाच बसस्टॉपवरचा, गावातल्याच कुणाचा तरी पाहुणा. त्याला तुमची शिफ्ट, सुट्टीचा वार, स्कूटी कुठं लावता ते ठाऊक असतं. मागे न दिसताही तो पुढं हजर असेल, तर रस्त्याबरोबर फोनही तपासा. गूगल मॅप्सवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन कुणाला चालू ठेवलंय का? कधीतरी मैत्रिणीला म्हणून चालू केलं आणि विसरलो, असंही होतं. किल्लीच्या जुडग्याएवढी ट्रॅकर यंत्रं आता मिळतात. सीटखाली, डिकीत, बॅगेच्या तळाशी बघा. एअरटॅगसारखं अनोळखी यंत्र बराच वेळ तुमच्याबरोबर फिरत असेल तर आयफोन आणि नवे अँड्रॉइड फोन सूचना देतात. ती सूचना जाहिरात समजून पुसू नका. मात्र बाजारातल्या सिमकार्डवर चालणाऱ्या स्वस्त जीपीएस यंत्राची अशी सूचना येत नाही. ते हातानंच शोधावं लागतं. सापडलं तर फेकून देऊ नका, फोटो काढा आणि पोलिसांना द्या. तो पुरावा आहे.

खात्री पटली, आता गाडी चालवतानाच काय करायचं? वेग वाढवायचा नाही. पाठलागापेक्षा अपघात लवकर गाठतो, दुचाकीवर तर फारच. घरी जायचं नाही, त्याला घर दाखवायचं नाही. जिथं माणसं आणि दिवे आहेत तिथं जायचं: पोलीस ठाणं, पेट्रोल पंप, दवाखाना, कंपनीचं वॉचमन असलेलं मोठं गेट. पहाटेच्या वेळी गावात दुसरं काही उघडं नसलं तरी दूध डेअरी उघडी असते आणि तिथं पाच-पंचवीस माणसं किटल्या घेऊन उभी असतात. सरळ तिथं गाडी लावा आणि मोठ्यानं सांगा. लाज त्याला वाटू दे. कारमध्ये असाल तर काचा वर, दारं लॉक, उतरायचं नाही, हॉर्न सोडायचा नाही.

निपाणी-कागल बाजूला जाणाऱ्यांना कोगनोळी टोलनाका आहे. तिथं कॅमेरे असतात, माणसंही असतात. चोर्ला मार्गे गोव्याला जाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. घाटात बऱ्याच पट्ट्यात रेंज नसते. संशय आला तर जांबोटीला किंवा फार तर कणकुंबीला थांबायचं, फोन करायचा. “घाट उतरल्यावर बघू” म्हणायचं नाही.

फोन 112 ला. बहुतेक स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीन किंवा पाच वेळा पटापट दाबलं तरी आपत्कालीन कॉल लागतो. घरी बसून सेटिंग एकदा बघून ठेवा. पण आपल्या भागात 112 चा एक घोळ आहे. बाची-शिनोळीच्या आसपास फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. त्यामुळं तुम्ही कर्नाटकात उभे असताना कॉल महाराष्ट्राच्या कंट्रोल रूमला लागू शकतो, किंवा उलट. तेव्हा “मी इथं बाचीत आहे” म्हणून भागत नाही. पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि खूण सांगा: “कर्नाटक, बेळगाव तालुका, बाची, बसस्टॉपजवळ” किंवा “महाराष्ट्र, कोल्हापूर जिल्हा, चंदगड तालुका, शिनोळी, एमआयडीसीचं गेट”. मग गाडीचा नंबर. केए-22, एमएच-09 असा सुरुवातीचा भाग आणि शेवटचे चार आकडे एवढं जरी टिपलं तरी पुष्कळ काम होतं. नंबरावरून मालक शोधून त्याच्या घरी जायच्या फंदात पडू नका. गाडी दुसऱ्याची असते, नंबर खोटा असतो आणि भांडण भलत्याशीच होतं.

नोंद ठेवायची सवय लावा. तारीख, वेळ, ठिकाण, गाडीचा रंग, हेल्मेट, पोचा, स्टिकर, जे दिसेल ते. गाडी थांबवल्यावर विश्वासातल्या एकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. दुकानांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून तक्रार “बघू अजून आठवडाभर” करत लांबवायची नाही.

कायदा काय म्हणतो? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाचं. (आधी हेच कलम 354 ड म्हणून होतं, 2013 मध्ये आलेलं.) बाईनं नको म्हणून स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागे जातो आणि संपर्क करतो किंवा तसा प्रयत्न करतो, तर हा गुन्हा. तिचा इंटरनेट, ईमेल वापर चोरून पाहणं हेही यातच. पहिल्यांदा दोषी ठरला तर 3 वर्षांपर्यंत कैद, पुन्हा ठरला तर 5 वर्षांपर्यंत, आणि दंड. पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे तक्रार झाली तरी तो लवकरच बाहेर दिसू शकतो, हे धरूनच पुढचे काही दिवस सोबत, वेळ आणि रस्ता ठरवा.

कलमातला “स्पष्ट नकार” हा शब्द महत्त्वाचा. म्हणून एकदा, शक्यतो चारचौघांत, “माझ्या मागे यायचं नाही” असं सांगितलेलं बरं. फोनवर मेसेज करत असेल तर तिथंच एक ओळ लिहून ठेवा आणि पुसू नका. पण एकटं असताना, अंधारात हे सांगायला थांबायचं नाही. हे कलम पुरुषांच्या तक्रारीला लागू पडत नाही. पुरुषाला कुणी रस्त्यात अडवलं तर कलम 126, धमकावलं तर कलम 351 आहे. पाठलाग करणारा कंपनीतलाच असेल तर पोलिसांबरोबर कंपनीच्या अंतर्गत समितीकडंही जाता येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं ही समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, आणि कंपनीनं दिलेल्या बसमधला प्रवासही या कायद्यात कामाच्या जागेतच मोडतो.

आता सीमाभागातला नेहमीचा प्रश्न: “आमच्या हद्दीत नाही, तिकडं जा.” राहतो बेळगावात, प्रकार शिनोळीत, आरोपी चंदगडचा, मग तक्रार कुठं? जिथं सोयीचं तिथं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवून घ्यावी लागते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. शून्य नंबरनं नोंदवायचा आणि संबंधित ठाण्याकडं पाठवायचा. कलम 78 ची तक्रार बाईची असेल तर ती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात दाद दिली नाही तर तीच माहिती लेखी, पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं.

भाषेचं काय? बेळगावकडच्या ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये टाइप होते आणि आपले लोक खाली मुकाट सही करून येतात. तोंडी सांगितलेली तक्रार लिहून झाल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवायची, असं कायद्यातच आहे. वाचलेलं कळलं नाही तर “मराठीत अर्थ सांगा, मग सही करते” म्हणा. यात उद्धटपणा नाही. बहुतेक ठाण्यांत मराठी समजणारं कुणी ना कुणी असतंच. शक्यतो घरूनच एका कागदावर तारखा आणि गाडीचा नंबर मराठीत लिहून न्या आणि त्यातलं प्रत्येक एफआयआरमध्ये आलंय का, ते सहीआधी ताडून बघा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या, तिचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि एक घरच्या माणसाला पाठवा.