थरथर कुणाच्या तालावर?

नव्या टुरिंग मोटारसायकलची खरी परीक्षा शहरात होतच नाही. नागपुरातल्या सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या धावपळीत गाडी गुळगुळीत वाटते. भंडारा, साकोली, देवरी असा राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला, काटा ८० वर स्थिरावला आणि तास-दोन तास तिथेच राहिला, की हँडलमधून, फूटरेस्टमधून किंवा सीटखालून एक बारीक थरथर जाणवू लागते. देवरीहून आमगाव-सालेकसाकडे वळून दरेकसाला, हाजरा फॉलला किंवा कचारगडच्या गुहांकडे पोहोचेपर्यंत बोटांना मुंग्या आलेल्या असतात. परत आल्यावर सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर तीनच शब्द लिहिले जातात: ‘गाडी व्हायब्रेट करते’. मग चाचणी म्हणून गाडी भर वस्तीतून दोन किलोमीटर फिरवून आणतात, ‘नॉर्मल आहे’ असे उत्तर मिळते, किंवा अंदाजाने एखादा भाग बदलला जातो. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, कारण थरथर ही नुसती तक्रार नसते, ती मोजता येणारी राशी असते. ती कुठे जाणवते यापेक्षा ती कोणत्या फिरणाऱ्या भागाच्या तालावर चालते हा प्रश्न आधी विचारला, तर बहुतेक निदान एकही नट सैल न करता, रस्त्यावरच होऊ शकते.

हा ताल म्हणजे सेकंदाला किती धक्के. समजा, एका सिलिंडरची, १७ इंची चाकांची, साधारण ४०० सीसीची गाडी आहे. चाकणमध्ये तयार होणारी, डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आलेली ३७३ सीसीची डॉमिनार याच वर्गातली. पुढच्या टायरचा घेर सुमारे १.८४ मीटर आणि मागच्याचा १.९२ मीटर धरू. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, त्यामुळे पुढचे चाक सेकंदाला १२.१ आणि मागचे ११.६ फेरे घेते. मागच्या स्प्रॉकेटला ४५ आणि पुढच्याला १५ दाते असतील, तर पुढचे स्प्रॉकेट सेकंदाला सुमारे ३५ वेळा फिरते. सहाव्या गिअरमध्ये इंजिन ४,८०० आरपीएमवर असेल, तर क्रँकशाफ्टचे ८० फेरे होतात. चेनच्या कड्या दात्यांवर बसतात सेकंदाला ५२० वेळा. उलट ११४ कड्यांची अख्खी चेन एक चक्कर पुरी करते ती सेकंदाला जेमतेम साडेचार वेळा. गाडीगणिक हे आकडे बदलतील, पण त्यांच्यातले अंतर असेच मोठे राहील. साडेचार, बारा, पस्तीस, ऐंशी, पाचशेवीस. बाराचा धक्का हाताला जवळजवळ एकेक करून ओळखता येतो, ऐंशीची नुसती गुणगुण होते आणि पाचशेची थरथर म्हणजे बुटाच्या तळव्याला जाणवणारी बारीक खरखर. थरथर या पाचांपैकी कोणत्या घरात बसते एवढे कळले, तरी संशयितांची यादी एकदम आखूड होते.

चाकापासून सुरुवात करू, कारण नव्या गाडीत त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते. रिमवर एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त आहे असे समजा. रिमला चिकटवलेल्या शिशाच्या एखाद-दोन पट्ट्या गळून पडल्या तरी एवढा फरक होतो. ताशी ४० ला हे ३० ग्रॅम चाकाला जवळपास एक किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतात. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणजे ८० ला जवळजवळ चार किलो, आणि तीही सेकंदाला बारा वेळा दिशा बदलत. शहरात न जाणवणारा दोष महामार्गावर उघडा पडतो तो यामुळे. दोन्ही चाके थोडी थोडी असंतुलित असतील तर आणखी एक गंमत घडते. पुढचे चाक १२.१ आणि मागचे ११.६, हा अर्ध्या फेऱ्याचा फरक असल्याने दोन्ही धक्के दर दोन सेकंदांनी एकमेकांत मिसळून वाढतात आणि मग एकमेकांना मारून कमी होतात. पदार्थविज्ञानातला हा विस्पंद. थरथर अशी लाटेसारखी येत-जात असेल, तर एकच चाक बॅलन्स करून भागणार नाही.

हे तपासायला महागडे यंत्रही लागत नाही. चाक काढून आस दोन समान आधारांवर ठेवला, ब्रेकचा स्पर्श नसेल आणि बेअरिंग मोकळे असेल, तर जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तीन-चार वेळा चाक वेगवेगळ्या जागी सोडले आणि दर वेळी तोच भाग तळाशी आला, तर शंका उरत नाही. मोटारसायकलचे चाक अरुंद असल्याने ही स्थिर पद्धत बहुतेक वेळा पुरते. शिवाय डोळ्यांनी पाहण्यासारखे बरेच असते. रिमवर धुळीच्या थरात एखादा स्वच्छ आयत दिसला, तर तिथली वजनाची पट्टी गळाली आहे. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उंचवट्याची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर नसेल, तर टायर रिममध्ये नीट बसलेला नाही, आणि मग कितीही वजने लावली तरी चाक उड्या मारणारच. अनेक टायरवर पिवळा ठिपका असतो तो हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ यायला हवा. बरेच दिवस एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला तळाशी चपटेपणा येतो. तो पहिल्या वीसेक किलोमीटरमध्ये टायर गरम झाल्यावर जात असेल, तर काळजीचे कारण नाही.

आता इंजिन. पिस्टन, त्याची पिन आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून ४०० ग्रॅम, आणि स्ट्रोक ७२ मिलिमीटर धरला, तर ४,८०० आरपीएमला या वर-खाली होणाऱ्या वस्तुमानाचा जोर सुमारे ३७० किलो वजनाइतका होतो. चाकाच्या चार किलोंच्या तुलनेत हा आकडा प्रचंड आहे, आणि तरीही आधुनिक गाडी चालवता येते ती बॅलन्सर शाफ्टमुळे. क्रँकवरचे प्रतिवजन पिस्टनचा निम्मा जोर मारते; उरलेला निम्मा, क्रँकच्याच वेगाने पण उलट दिशेने फिरणारा शाफ्ट मारतो. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशा शाफ्टचे तत्त्व प्रत्यक्षात आणले होते. रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसीच्या गाड्यांनी मात्र तो २०२० च्या मेटिऑरबरोबर आलेल्या नव्या इंजिनात स्वीकारला. जुनी बुलेट आणि नवी क्लासिक लागोपाठ चालवून पाहिली की या एका शाफ्टचे मोल हातांना पटते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: एका सिलिंडरची गाडी थरथरणारच, त्यात निदान कसले करायचे? खरे आहे की बॅलन्सर सगळेच मारत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने क्रँकच्या दुप्पट तालाचा, म्हणजे आपल्या उदाहरणात सेकंदाला १६० चा, एक लहान जोर शिल्लक राहतो. तळहाताच्या त्वचेतल्या खोल संवेदकांना सर्वाधिक जाणवणारी कंपने साधारण सेकंदाला २०० ते ३०० ची असतात. म्हणून हा उरलेला जोर छोटा असूनही बोटांना टोचतो. पण ही रचनेतली थरथर ओळखता येते. ती पहिल्या दिवसापासून सारखीच असते, आरपीएमबरोबर सलग वाढते आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतही तेवढीच जाणवते. गेल्या महिन्यात नव्हती आणि आज आहे, किंवा शेजाऱ्याच्या त्याच गाडीत नाही आणि माझ्या गाडीत आहे, तर ‘सिंगल सिलिंडर आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

दुसरे नेहमीचे उत्तर म्हणजे ‘रनिंग होऊ द्या, आपोआप बसेल’. रनिंगमध्ये पिस्टन रिंग आणि सिलिंडरचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात, घर्षण कमी होते, इंजिन मोकळे होते. पण रिमवरचे ३० ग्रॅम हजार किलोमीटरनंतरही ३० ग्रॅमच राहतात. बॅलन्सरचे गिअर एका दात्याने चुकून बसले असतील, तर ते आपोआप जागेवर येत नाहीत. उलट नवी चेन सुरुवातीला ताणते, बोल्ट थोडे बसतात, म्हणजे काही बाबतीत थांबल्याने थरथर वाढण्याचीच शक्यता जास्त. पहिल्या सर्व्हिसमध्ये बोल्ट पुन्हा कसतात ते याच कारणाने.

चाक आणि इंजिन यांना वेगळे करण्याची सोपी चाचणी क्लचमध्ये आहे. रस्ता मोकळा व सरळ, मागे कोणी नाही, अशा ठिकाणी ८० च्या वेगात ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबायचा. इंजिन आयडलवर येते, चाके मात्र जवळपास त्याच वेगाने फिरत राहतात. थरथर टिकली तर ती चाकांची. तत्क्षणी गेली तर इंजिनाची. यावर जाणकार मेकॅनिक हरकत घेईल की क्लच दाबल्यावर चेनवरचा ताणही जातो, मग दोष चेनचा असला तरी इंजिनावर खापर फुटेल. हरकत बरोबर आहे, म्हणून दुसरी चाचणी हवी: वेग तोच ठेवून पाचवा गिअर टाकायचा. चाके आणि चेन पूर्वीच्याच तालात राहतात, इंजिनाचा ताल मात्र ८० वरून ८८ वर जातो. थरथरीचा स्वभाव बदलला तर इंजिन, तसाच राहिला तर चेन किंवा चाक. पुण्यात १९६६ पासून काम करणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेत कंपनांच्या तपासाला लागणारी यंत्रे असतात. पण थरथर वेगाशी बांधलेली की आरपीएमशी, हे ताडण्याचे तत्त्व तिथेही हेच.

चेनबाबत देवरीच्या वाटेवर एक फसगत हमखास होऊ शकते. काँक्रीटच्या रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. ८० च्या वेगात ते सेकंदाला पाचच्या आसपास धक्के देतात, आणि चेनमध्ये एखादी कडी जाम असेल तर तिचा धक्काही सेकंदाला साडेचार वेळा येतो. हाताला हा फरक कळणे कठीण. डांबरी पट्टा लागेपर्यंत थांबायचे. धक्का रस्त्याबरोबर गेला तर गाडी निर्दोष आहे.

मोबाइलमधले कंपनमापक ॲप वापरून हे सगळे झटक्यात होईल, असे आता बरेच जण म्हणतात. मला या उत्साहाचे कौतुक आहे, पण सावधही करावेसे वाटते. पुष्कळ ॲप सेकंदाला सुमारे १०० नोंदी घेतात. एखाद्या कंपनाचा ताल खरा कळायला त्याच्या दुपटीहून अधिक नोंदी लागतात. पाचव्या गिअरमधले सेकंदाला ८८ चे इंजिन-कंपन १०० नोंदींच्या ॲपमध्ये १२ चे म्हणून उमटू शकते, आणि १२ हा तर चाकाचा ताल! आलेख पाहून निर्दोष चाक बदलले जाईल. शिवाय मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला आहे. फोन खिशात ठेवून क्लच दाबणे हीच जास्त भरवशाची चाचणी.

काही थरथरी मात्र ७५ ते ८५ एवढ्याच पट्ट्यात येतात आणि ९० ला गायब होतात. असंतुलनाचा जोर वेगाबरोबर वाढतच जातो, मग थरथर कमी कशी झाली? काठोकाठ भरलेली बादली घेऊन चालताना पाणी ठरावीक चालीलाच हिंदकळते, तसा हँडल, आरसा, गार्ड या प्रत्येकाला स्वतःचा ताल असतो आणि बाहेरचा ताल त्याच्याशी जुळला की तो भाग जोरात हलतो. इथे मूळ जोर निर्दोष गाडीत असतो तेवढाच असू शकतो. दोष तो वाढवणाऱ्या भागात असतो. हँडलच्या टोकांना जड वजने लावतात ती हँडलचा ताल नेहमीच्या आरपीएमपासून दूर सरकवण्यासाठी. आपल्याकडे नव्या टुरिंग गाडीत हा बिघाड बऱ्याचदा मालकानेच विकत घेतलेला असतो. बाहेरून बसवलेला क्रॅश गार्ड इंजिनाच्या माउंटिंग बोल्टवरच कसला जातो. बोल्ट बदलतो, घट्टपणा बदलतो, आणि इंजिनाला लोखंडाचा एक लांब हात जोडला जातो. म्हणून कोणताही भाग बदलण्याआधी गार्ड, टॉप बॉक्स आणि साइड बॅगा उतरवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगात एकदा फेरी मारायला हवी. फुकटातली ही चाचणी सगळ्यात कमी केली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे सगळे मालकाने का करायचे, हे तर सर्व्हिस सेंटरचे काम, असा शेवटचा आक्षेप राहतो. दुरुस्ती त्यांचेच काम आहे, वॉरंटीतली तर नक्कीच. पण दोष सहाव्या गिअरमध्ये ८० ला जगतो, आणि त्या वेगात तासभर बसतो तो मालक. त्याने जॉब कार्डावर ‘सहावा गिअर, ८० ला हँडलमध्ये संथ धक्के, क्लच दाबल्यावरही टिकतात, पाचव्या गिअरमध्ये तसेच, डांबरी रस्त्यावरही येतात, गार्ड काढून पाहिले’ असे लिहिले, तर मेकॅनिकला इंजिन उघडायचे कारणच उरत नाही. तो थेट पुढचे चाक काढेल. हीच नोंद वॉरंटीच्या वादातही उपयोगी पडते, कारण ‘नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्याला त्याच गिअरमध्ये त्याच वेगात गाडी चालवून दाखवावी लागते. मात्र थरथर दर फेरीला वाढत असेल, तर चाचण्या करत बसू नये. सालेकसा-दरेकसाच्या जंगलपट्ट्यात शिरण्याआधीच गाडी उभी करून चाकांच्या आसाचे नट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, तारांची चाके असतील तर स्पोक, आणि इंजिनाचे माउंटिंग हाताने व पान्याने तपासावे. यातले काहीही सैल निघाले, तर ते योग्य टॉर्कला कसल्याशिवाय पुढचा किलोमीटर नाही.