गावभर रिकामी घरं, भाड्यानं मात्र एकही नाही

परदेशातलं जुनं दगडी घर मातीमोल भावात घ्यायचं आणि दुरुस्त करून त्यात राहायचं, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. सुरुवातीला पडकी भिंत, मग थोडी धूळ, थोडं संगीत आणि दहाव्या मिनिटाला खिडकीत फुलांच्या कुंड्या! मधल्या रात्री त्यात दाखवत नाहीत. काम चालू असताना ही माणसं झोपतात कुठे, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आत्यानं विचारला. कारण झोपणार होती तिची लेक, जावई आणि सहा वर्षांची नात.

आत्याचं सासर वडोदऱ्याचं. ताई आणि भावोजी नोकरीनिमित्त लिस्बनला गेले, तिथल्या भाड्यानं मेटाकुटीला आले आणि या वसंतात त्यांनी पोर्तुगालच्या मध्य भागात, फुंदावजवळच्या एका खेड्यात घर घेतलं. फुंदाव हा चेरीच्या बागांचा डोंगराळ मुलूख. घर १८ हजार युरोंना पडलं. नुसत्या छपराचा अंदाज त्याहून जास्त आला. तेव्हापासून तिघांचा मुक्काम वीस मिनिटांवरच्या कॅम्पिंगच्या जागेत आहे, भाड्याच्या तंबूत.

घर इतकं स्वस्त का, हे समजून घ्यायला हवं. १९६०च्या दशकात पोर्तुगालमध्ये हुकूमशाही होती, आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये युद्ध चालू होतं आणि खेड्यांत कमालीची गरिबी होती. दहा लाखांहून अधिक माणसं देश सोडून गेली, त्यांतली बहुतेक फ्रान्सला. घरं मागे राहिली. एका घराला आज पाच-सात वारस असतात, कुणी पॅरिसजवळ, कुणी लिस्बनला. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत विक्री होत नाही. आपल्याकडे कोकणातल्या सामायिक घराचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कागदपत्रांत आधी एकच गोष्ट पाहावी. जमिनीची नोंद 'उर्बानु' आहे की 'रुश्तिकु'? पहिली इमारतीची, दुसरी शेतीची. शेतीच्या नोंदीवर उभी असलेली चार भिंतींची खोली कितीही गोंडस दिसली, तरी ती राहतं घर ठरत नाही. शिवाय लहान शेतजमीन विकायची झाली, तर लगतच्या शेतमालकाला ती आधी घेण्याचा हक्क असतो. कर खात्याचा नऊ अंकी क्रमांक हवा, तो वीजजोडणीलाही लागतो. इसार दिल्यावर खरेदीदार मागे फिरला तर पैसे बुडतात आणि विकणारा फिरला तर त्याला साधारणपणे दुप्पट परत करावे लागतात. हा नियम मला फार आवडला.

भारतातून पैसे पाठवायचे असतील तर तेही माहीत असू द्या. फूफाजींनी (वडोदऱ्यात राहून आम्ही त्यांना असंच म्हणतो) थोडी मदत केली. इथल्या रहिवाशाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. पण १० लाख रुपयांच्या वर गेलं की अशा भेटीच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो हे खरं, तरी तोवर पैसा अडकतो आणि छपराचे पैसे अडकून चालत नाही.

आता घराबद्दल. भिंती शिस्ट नावाच्या काळसर पापुद्र्यांच्या दगडाच्या, हातभराहून जाड. खाली जनावरं आणि धान्य, वर माणसं, अशी जुनी रचना. तुळया चेस्टनटच्या लाकडाच्या. भावोजींना वाटलं होतं की भेगा सिमेंटनं बुजवून टाकू. गावातल्या म्हाताऱ्या गवंड्यानं हात जोडून थांबवलं. अशा भिंती ओल पितात आणि सोडतात, सिमेंटनं ती ओल आतच कोंडते. म्हणून चुना. त्या गवंड्याला तिथं 'मेश्त्र' म्हणतात. आपला मिस्त्री तिथूनच आलेला. चावी, बालदी, घमेलं, पगार हे शब्दही पोर्तुगीजमधले, त्यामुळे ताईचं कामावरचं निम्मं बोलणं शिकवणीशिवाय झालं. बाकीचं निम्मं मात्र अवघड आहे, कारण पैशांचा वाद त्यातच होतो.

क्रम ठरलेला आहे. आधी छप्पर, मग बाकी सगळं. पण उन्हाळ्यात काम मनासारखं पुढे सरकत नाही. ऑगस्टमध्ये बरेच कारागीर सुट्टीवर जातात. वणव्याचा धोका जास्त असल्याचं जाहीर झालं की रानालगत यंत्रं चालवायला बंदी असते. ठिणगी पडायची भीती. जून २०१७मध्ये याच मध्य भागात पेद्रोगाव ग्रांदेच्या वणव्यात साठहून अधिक माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीतून पळताना रस्त्यावरच. त्यामुळे घराभोवती ५० मीटरपर्यंत झाडोरा साफ ठेवण्याचा नियम तिथं कुणी थट्टेवारी नेत नाही.

हवं तिथं तंबू ठोकायलाही म्हणूनच मुभा नाही. पैसे भरून रीतसर जागेत राहिलं की गरम पाणी, कपडे धुण्याचं यंत्र आणि शेजार मिळतो. ताईनं तंबूत दोन वस्तूंवर सढळ हातानं खर्च केला, जाड गाद्या आणि चांगला दिवा. कुकर गॅसच्या छोट्या शेगडीवर लागतो, त्याच्या शिट्टीनं पहिल्या दिवशी शेजारचं डच कुटुंब बाहेर धावत आलं होतं. भाची खूश आहे. तिला तंबू कायमचाच हवा आहे.

पण ऑक्टोबरपासून पाऊस सुरू होतो आणि त्या डोंगरात थंडी बोचरी असते. छप्पर तोवर होणार नाही, हे ऑगस्टमध्येच दिसलं. म्हणून आता भाड्याच्या घराचा शोध चालू आहे आणि खरी दमछाक इथं आहे. गावातली निम्मी घरं बंद, तरी भाड्यानं एक मिळत नाही. मालक फ्रान्समध्ये राहतात, वर्षातले तीन आठवडे ऑगस्टमध्ये येतात आणि तेवढ्यासाठी घर राखून ठेवतात. त्याच तीन आठवड्यांत त्यांना गाठावं लागतं. ताईनं त्यासाठी गावच्या जत्रेत सलग तीन संध्याकाळी हजेरी लावली.

मिळालेल्या घरांचीही गंमत आहे. कुणी रोख भाडं मागतं, करार नको म्हणतं. करार कर खात्यात नोंदलेला नसेल तर राहत्या पत्त्याचा पुरावा उभा करताना नाकी नऊ येतात. आणि मुलीच्या शाळेसाठी पत्ता तर लागणारच. तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या 'जुंता'कडून रहिवासाचा दाखला मिळू शकतो. त्यासाठी तिथल्याच दोन मतदारांनी तुम्हाला ओळखतो असं सांगावं लागतं. गवंडी तयार आहे, कॅफेवाल्या मावशीही. पाच महिने रोज सकाळी तिथं कॉफी प्यायलेली अशी कामाला आली.

माझं मत विचाराल तर, घर घेण्याच्या आधी हिवाळ्याची सोय लावावी. छपराची तारीख कुणीही देईल, पावसाच्या तारखेपुढे ती टिकत नाही. भाड्याचे सहा महिने दुरुस्तीच्या खर्चातच धरावेत, वेगळे नव्हेत. आणि मूल सोबत असेल तर शाळेपासूनचं अंतर आधी मोजावं, निसर्गदृश्य नंतर.

सध्या दोन घरं नजरेत आहेत. एकात सुंदर शेकोटी आहे, पण मालक करार नोंदवायला तयार नाही. दुसरं कॅफेच्या वरचं, दोन खोल्या, भिंतीला थोडी ओल, मालकीणबाई मात्र कागदावर सही करायला राजी. आत्या फोनवर म्हणते, दुसरंच घ्या. भावोजींना शेकोटी हवी आहे. निर्णय शनिवारपर्यंत द्यायचा आहे.