कंसातली नावं

कराची गोष्ट : लेखांक ९

रत्नागिरी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या कलमबागेचा सातबारा हातात घ्या. भोगवटादाराच्या रकान्यात सगळ्यात वर आजोबांचं नाव, त्याभोवती कंस. कंस म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. बहुतेक वेळा माणूसच गेलेला असतो. खाली त्यांची मुलं, त्यांतल्या दोघांना कंस. त्याखाली नातवंडं, सुना, पुतणे. मध्येच एका नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचे भाऊ मुंबईला गिरणीत गेले आणि गावात राहिला त्याचं नाव सगळ्यांच्या वतीनं लागलं. प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक. तीन पिढ्यांत बाग चौदा जणांची झाली, पण वारसा मिळाला म्हणून त्यातल्या कोणालाही सरकारला कर भरावा लागला नाही.

मागच्या लेखांकात मुद्रांक शुल्काचा हिशेब केला होता, तोच पुढे नेऊ. रत्नागिरी शहरात एखाद्या प्राध्यापकानं कर्ज काढून ४० लाखांचा फ्लॅट घेतला, तर सहा टक्क्यांनी २ लाख ४० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी फी. ज्या पगारातून हप्ते जाणार, त्यावरचा आयकर आधीच कापलेला. शेजारचा तसाच फ्लॅट कोणाला वडिलांच्या पश्चात मिळाला, तर मुद्रांक शुल्क नाही आणि मिळालेल्या मालमत्तेवर आयकरही नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, सोसायटीत अर्ज, की काम झालं. कमावलेल्यावर कर आणि आयतं मिळालेलं मोकळं, हे न्यायाचं आहे का?

कोकणातल्या अर्थमंत्र्यांचा कायदा

वारशावरचा कर आपल्याकडे होऊन गेला आहे, आणि तो आणला तेव्हाचे अर्थमंत्री कोकणातलेच होते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. १९५२ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. त्यांच्या कारकिर्दीत १५ ऑक्टोबर १९५३ पासून इस्टेट ड्यूटीचा कायदा लागू झाला. लोक त्याला मृत्युकर म्हणत. मूठभरांच्या हाती साचलेली संपत्ती थोडी पातळ व्हावी आणि येणाऱ्या पैशातून राज्यांना विकासाच्या योजना करता याव्यात, असे दोन हेतू होते.

बत्तीस वर्षांनी, १९८५च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंहांनी हा कर काढून टाकला. १६ मार्च १९८५पासून होणाऱ्या मृत्यूंना तो लागेना. दोन्हींपैकी एकही हेतू साधला नाही, उत्पन्न वर्षाला जेमतेम २० कोटी आणि वसुलीचा खर्च त्या मानानं फार, हे त्यांनी दिलेलं कारण. वरच्या टप्प्याचा दर मात्र ८५ टक्के होता! एवढा दर आणि एवढंसं उत्पन्न, हे गणित जुळलं कसं नाही?

एक तर करमाफीची मर्यादा फार खाली होती. १९५८नंतर ५० हजारांच्या वरच्या इस्टेटीला कर लागू लागला. त्यामुळे मध्यमवर्गातल्या विधवेला नवऱ्यामागे दागिन्यांपासून विमा पॉलिसीपर्यंत सगळ्याचा हिशेब द्यायची वेळ येई, आणि खरा श्रीमंत वकिलाच्या सल्ल्यानं वेळीच वाट काढून मोकळा होई. मृत्यूच्या आधी दोन वर्षांच्या आत दिलेली बक्षिसं इस्टेटीत धरली जात. म्हणून शहाणा माणूस त्याच्या बराच आधी बक्षीसपत्र करी, ट्रस्ट काढी, एकत्र कुटुंबाच्या वाटण्या करून ठेवी. कर भरणारे उरले ते दोन प्रकारचे : अचानक गेलेले आणि वकील न परवडलेले.

जन्मानं हक्क, मग वारसा कसला?

दुसरी अडचण आपल्या कायद्याच्या मुळातच होती. चिपळूण परिसरात जन्मलेल्या भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात मिताक्षरा आणि दायभाग या दोन परंपरांची सविस्तर मांडणी केली आहे. बंगालातल्या दायभागात बाप जिवंत असेपर्यंत मुलाला काही नाही. हक्क मिळतो तो बापाच्या मृत्यूनंतर. महाराष्ट्रातल्या मिताक्षरेत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनचा. मग बाप गेला तेव्हा मुलाला नवीन मिळालं काय? त्याचंच होतं, वाटेकरी एक कमी झाला इतकंच. कायद्याला म्हणून मृताचा हिस्सा मानीव पद्धतीनं मोजावा लागे, आणि सुरुवातीला अशा हिश्शाला करमाफीची मर्यादाही इतरांहून निम्मी ठेवली होती. कोकणातल्या सामायिक घरात हा हिशेब कोणी करायचा? माजघर थोरल्याचं, पडवी धाकट्याची, देवघर सगळ्यांचं, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. गणपतीला पंचवीस माणसं जमतात आणि एरवी घराला कुलूप असतं. अशा घराची बाजारभावानं किंमत काढता येईल, पण त्यातलं रोख किती?

बागांचंही तेच. जमिनीचा भाव कोटीत आणि हातात येणारा पैसा हवामानाच्या हातात. मोहोराला पाऊस लागला किंवा थ्रिप्स पडले, की वर्ष गेलं. जगातही हाच पेच आहे. ब्रिटननं २०२४च्या ऑक्टोबरात शेतजमिनीची वारसा करातली सवलत आवळायची ठरवली, तर शेतकऱ्यांनी लंडनच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणले. पुढच्या वर्षाअखेर सरकारनं पूर्ण सवलतीची मर्यादा १० लाख पौंडांवरून २५ लाखांवर नेली. जमीन आहे पण रोकड नाही, हे म्हणणं खोटं नव्हतं.

'बापानं कष्टानं मिळवलंय'

कराच्या विरोधात सगळ्यात जोरकस मुद्दा हाच असतो. बापानं घाम गाळला, कर भरला, उरलं ते पोराला दिलं. त्यावर पुन्हा कर का? बँकेतल्या मुदत ठेवीबाबत हे पटतं. जमिनीबाबत मात्र थोडं थांबावं लागतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. गावाजवळून महामार्ग गेला, गुंठ्याचा भाव कित्येक पट झाला; ती वाढ बापाच्या घामाची नव्हती आणि तिच्यावर त्यानं करही भरला नाही. वारसानं फ्लॅट किंवा शहरातली जागा विकली तर भांडवली नफा मोजताना आधीच्या मालकाची खरेदी किंमत धरतात, म्हणजे कर पुढे ढकलला जातो, बुडत नाही. पण शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन भांडवली मालमत्तेतच मोडत नाही. तिथे तोही कर नाही.

आणि घाम कोणाचा, हा प्रश्न रत्नागिरीत विचारला की खोती आठवते. खोती वंशपरंपरेची. खोताच्या मुलाला गावाचा सारा वसूल करायचा हक्क वारशानं मिळे आणि कुळाच्या मुलाला खंड, वेठ आणि कर्ज. दोघांनाही मिळालं ते जन्मानं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. खोती कायद्यानं गेली ती १९४९च्या कायद्यामुळे, आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानं कसणारी कुळं मालक होण्याची वाट उघडली. 'आजोबांचं होतं म्हणून माझं' हे उत्तर पुरत नाही, असं राज्यानं या जिल्ह्याला एकदा सांगून झालं आहे, आणि कुठल्याही करापेक्षा कडक शब्दांत.

मोजायचं कोणाकडून?

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा विषय निघाला आणि चार दिवसांत धुरळा उडून खाली बसला. त्याच वर्षी मार्चमध्ये वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासकांनी वरच्या एक टक्क्याकडे देशातली ४०.१ टक्के संपत्ती असल्याचा अंदाज दिला होता. १० कोटींवरच्या इस्टेटींवर ३३ टक्के वारसा कर लावावा, ही सूचनाही त्यांच्याच पुढच्या लिखाणातली. एवढ्या मर्यादेत कोकणातली सामायिक घरं येणं कठीण. तरी मला खटकते ती मोजण्याची जागा.

मृताची इस्टेट मोजली की तीन कोटींची बाग एकुलत्या एक मुलाला गेली काय आणि चौदा वारसांत गेली काय, कर सारखाच. वास्तविक चौदांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २१ लाखच येतात. जर्मनी आणि आयर्लंडमध्ये ज्याला मिळालं त्याच्याकडून मोजतात. जर्मनीत प्रत्येक अपत्याला आई किंवा वडील, प्रत्येकाकडून ४ लाख युरोपर्यंत माफी, त्यापुढे कर. देणारा गेलेला असतो, त्याला काय वाटेल हा वाद संपत नाही. घेणाऱ्याला मात्र साधा प्रश्न विचारता येतो : तुझ्या हातात किती आलं आणि त्यासाठी तू काय केलंस? मर्यादा उंच हवी, राहतं घर आणि कसती बाग यांना कर विकेपर्यंत थांबवण्याची किंवा हप्त्यांची सोय हवी, दर ८५ टक्क्यांचा नको. एवढं सांभाळलं तर हा कर मला अन्यायाचा वाटत नाही. प्राध्यापकाकडून २ लाख ४० हजार घेताना ज्याला संकोच वाटत नाही, त्या सरकारला कोट्यवधींच्या एकट्या वारसाकडून काही मागताना का वाटावा?

आधीच वसूल होणारा कर

एक वारसा कर मात्र इथे आजही चालू आहे, आणि त्याचा दर शंभर टक्के आहे. पूर्वी मुलींची नावं बऱ्याचदा भोगवटादारात न लावता सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात टाकत. महाराष्ट्रानं १९९४मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मानं वाटेकरी केलं, पण तोवर अविवाहित असलेल्यांनाच. केंद्राच्या २००५च्या दुरुस्तीनं लग्न झालेल्याही आल्या. वडील २००५पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्माचाच, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये स्पष्ट केलं. कायदा पुरा झाला, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातली हक्कसोडपत्रंही चालूच राहिली.

माझी आत्या अशाच एका पत्रासाठी एका सकाळी तिथे आली होती. कॅमेऱ्यासमोर बसली, यंत्रावर अंगठा दिला; पहिल्यांदा उमटला नाही म्हणून पदराला पुसून पुन्हा दिला. मुद्रांक काही शे रुपयांचा. बाहेर आल्यावर वडिलांनी तिला जेवायला नेलं, साडी घेतली. मी विचारलं, "आत्या, तुझा हिस्सा किती होता माहीत होतं का?" ती म्हणाली, "जमीन काय उशाला घेऊन झोपायची आहे? माहेर राहिलं म्हणजे झालं."

तिनं मनापासून दिलं, यात मला शंका नाही. पण आमच्या बागेतला तिचा चौथा हिस्सा वडिलांकडे आला आणि त्यांच्यानंतर माझ्याकडे येईल. मृत्युकर जुलमी वाटणाऱ्या आमच्या घरात हा कर कोणाला जुलमी वाटला नाही. मागच्या वर्षी जिवंत सातबारा मोहिमेत मयतांची नावं कमी होऊन वारसांची लागली, तेव्हा आमचाही उतारा नवा निघाला. आत्याच्या नावाभोवती कंस आहे. ती अजून चिपळूणला असते, आणि तिची तब्येत उत्तम आहे.

(पुढच्या आठवड्यात : १९५७ साली आलेला आणि २०१५ साली गेलेला संपत्ती कर.)