घरच्या मंद संगणकावरील सादरीकरण : अडथळ्यांची कारणे व उपाय

प्रस्तावना

माथेरानच्या डोंगररांगेतून येणारी गाढी नदी नेरे परिसरातून पनवेलकडे वाहत जाते. नेरे येथे राहणारा भूगोलाचा एखादा प्राध्यापक या नदीवरील शोधनिबंधासाठी घरच्या संगणकावर स्लाइड तयार करीत आहे, असे उदाहरणादाखल मानता येईल. संगणक दहा वर्षांपूर्वीचा, स्मृती चार जीबी, आणि स्लाइडमध्ये मोबाइलवर टिपलेली चाळीस छायाचित्रे. फाइल उघडण्यास काही मिनिटे लागतात, स्लाइड पुढे सरकत नाही आणि मध्येच 'नॉट रिस्पॉन्डिंग' ही सूचना झळकते. अशा वेळी संगणकाला दोष देऊन नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. वस्तुतः पुष्कळदा दोष यंत्रात नसून फाइलमध्ये असतो. प्रस्तुत लेखात हा दोष शोधण्याची व दूर करण्याची रीत मांडली आहे.

निदान

प्रथम कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. 'मेमरी'चा आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल, तर विंडोज हार्ड डिस्कचा काही भाग स्मृती म्हणून वापरू लागते. हार्ड डिस्क स्मृतीपेक्षा कितीतरी पटींनी मंद असल्याने सारे काम तेथे अडते. ब्राउझर बंद केल्यानेही पुष्कळ फरक पडतो. त्यानंतर पॉवरपॉइंटमध्ये एक कोरे सादरीकरण उघडून पाहावे. ते चटकन उघडले, तर दोष मूळ फाइलमध्ये आहे. तेही रखडले, तर कंट्रोल कळ दाबून धरून पॉवरपॉइंट सुरू करावे. सेफ मोडमध्ये ते सुरळीत चालल्यास एखादे ॲड-इन अडथळा करीत असण्याची शक्यता अधिक.

चित्रांचे गणित

4000 × 3000 बिंदूंच्या छायाचित्रात 1 कोटी 20 लाख बिंदू असतात. डिस्कवर ते तीन-चार एमबी जागा व्यापते. परंतु पडद्यावर दाखविण्यासाठी ते उलगडावे लागते आणि प्रत्येक बिंदूस चार बाइट धरल्यास 48 एमबी स्मृती लागते. 1024 × 768 क्षमतेचा प्रोजेक्टर मात्र आठ लाखांहून कमी बिंदू दाखवितो. म्हणजे पंधरा भागांतील चौदा भाग प्रेक्षकांपर्यंत पोहोचतच नाहीत, भार मात्र संगणक वाहतो.

यावर उपाय सोपा आहे. चित्र निवडून 'पिक्चर फॉरमॅट'मधील 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडावे, केवळ त्याच चित्रापुरता असलेला पर्याय काढून टाकावा आणि 150 पीपीआय निवडावे. मात्र मूळ फाइलची प्रत आधी वेगळी ठेवावी, कारण कमी केलेले बिंदू परत मिळत नाहीत. कापलेला भाग पुसण्याचा पर्यायही तेथेच आहे. चित्र कापले म्हणजे उरलेला भाग नष्ट झाला, हा समज चुकीचा आहे. तो फाइलमध्ये दडलेला असतो. विद्यार्थ्याचा चेहरा वगळण्यासाठी चित्र कापले असेल, तर हे विशेष ध्यानात घ्यावे. लिबरऑफिस इम्प्रेस वापरणाऱ्यांना 'टूल्स'मध्ये 'मिनिमाइझ प्रेझेंटेशन' ही सोय मिळते.

मराठी टंकांचा प्रश्न

मराठीतून सादरीकरण करणाऱ्यास आणखी एक अडचण येते आणि ती वेगाशी निगडित नाही. घरी सुवाच्य दिसणारी स्लाइड महाविद्यालयातील संगणकावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी होते. जुन्या बिगर-युनिकोड टंकांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले असतात. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसेल, तर खालचा रोमन मजकूर उघडा पडतो. युनिकोडमध्ये देवनागरीला 0900 ते 097एफ असे स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे टंक बदलला तरी अक्षर बदलत नाही. जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका तेथेच अधिक होतात. विंडोज 10 मध्ये 'मंगल' हा टंक ऐच्छिक असल्याने 'निर्मला' निवडणे अधिक सोयीचे. वेळ कमी असेल, तर घरच्या संगणकावरच पीडीएफ प्रत तयार करावी. ॲनिमेशन जाते, अक्षरे टिकतात.

इतके करूनही स्लाइड शो चालू असताना पडदा काळा पडत असेल, तर 'ऑप्शन्स'मधील 'ॲडव्हान्स्ड' विभागात जाऊन स्लाइड शोसाठीचे हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे ही अडचण उद्भवते.