पंगत एक, पळी वेगळी : मुलांमधील अ‍ॅलर्जीविषयी

वसतिगृहाच्या भोजनगृहात आपल्या पाल्याची भाजी वेगळ्या भांड्यात काढून ठेवली जाते, हे समजताच काही पालक अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता आम्ही समजू शकतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वेगळा पेला आणि वरून ओतलेले पाणी सोसले, ज्याला महाडच्या तळ्यातील ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस घडवावा लागला, त्याला वेगळ्या भांड्याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. म्हणूनच या वेगळ्या भांड्यामागचे कारण नीट उलगडून सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडविला. रोगजंतूंशी लढणारी शरीराची संरक्षणव्यवस्था काही मुलांत शेंगदाणा, अंडे, दूध, मासळी, परागकण अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींनाच शत्रू समजते. पहिल्या संपर्कात शरीर त्या पदार्थाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते आणि ती विशिष्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तोच पदार्थ पुन्हा आला, की या पेशींतून हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, शिंका येतात, दम लागतो. त्यामुळे “मागे खाल्ले तेव्हा तर काही झाले नव्हते” हा युक्तिवाद येथे टिकत नाही.

गांधी उठल्या की नजर उतरविणारे, दम लागला की दंडाला दोरा बांधणारे अजूनही आढळतात. बाबासाहेबांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या घरांतही ते आढळावेत, याचा आम्हांस अधिक खेद होतो. त्याहून दुखरी गोष्ट अशी की, इसब झालेल्या मुलाशेजारी बसायला इतर मुले कचरतात. अ‍ॅलर्जी स्पर्शाने पसरत नाही. त्या मुलाचा हात धरता येतो, त्याच्याबरोबर एका ताटात जेवताही येते, फक्त त्या ताटात त्याला वर्ज्य असलेला पदार्थ नसावा. (खरूज मात्र स्पर्शाने पसरते. दोहोंतला फरक डॉक्टरांनीच ठरवावा.)

आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट कुठे नसते? उसळीत, चटणीत, भरल्या वांग्यात, खिचडीत ते असतेच. कूट घातलेल्या भाजीची पळी साध्या भाजीत बुडाली, तर तेवढा अंशही एखाद्या मुलास पुरतो. म्हणून त्याची भाजी आधी काढावी आणि पळी वेगळी ठेवावी. मुलगा मात्र त्याच पंगतीत, आपल्या मित्राशेजारीच बसावा. भांडे वेगळे होते ते पदार्थामुळे, आणि हे सर्व विद्यार्थ्यांना उघडपणे सांगावे. कुजबुजीतून भेद जन्मतो.

याउलट, भीतीपोटी मुलाचे सगळेच खाणे तोडणे हाही अपाय आहे. केवळ त्वचेवरील चाचणीत एखादा पदार्थ ‘आला’ म्हणून तो बंद करू नये. खाल्ल्यावर प्रत्यक्ष काय होते, याच्याशी ती चाचणी डॉक्टरांनी ताडून पाहावी लागते. ज्या घरात अंडे आणि शेंगदाणे हाच प्रथिनांचा परवडणारा आधार आहे, तेथे विनाकारण पथ्य म्हणजे कुपोषण. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर, अ‍ॅलर्जीचा धोका अधिक असलेल्या तान्ह्या बाळांना लवकर शेंगदाणा देऊ लागल्यास पुढे त्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ कमी होते, असे दिसले. अर्थात अशा बाळांना तो वैद्यकीय सल्ल्यानेच, पातळ करून द्यावा. अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो.

दम्याबाबत वेगळा गैरसमज आहे : “पंप एकदा लागला की सुटत नाही.” पंपातील औषध अल्प मात्रेत थेट श्वासनलिकेत पोहोचते, त्याचे व्यसन लागत नाही. गोधड्या गरम पाण्यात धुवाव्यात, गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे. वंदनेच्या वेळी बंद सभागृहात अगरबत्तीचा धूर कोंडू नये, असेही आम्ही सुचवितो. फुलाने आणि दीपाने वंदना उणी होत नाही.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. सोबत्यांनी दुर्लक्षिलेल्या त्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः धुतले आणि संघाला एकमेकांच्या शुश्रूषेची जबाबदारी दिली; कारण तेथे सेवेला आई-वडील नव्हते. वसतिगृहातही रात्री शेजारच्या खाटेवरचा मित्रच आधी जागा होतो. म्हणून लक्षणे त्यालाही ठाऊक हवीत : खाल्ल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर आवाज बसणे, श्वास अडणे, वारंवार उलट्या, भोवळ. अशा वेळी मुलाला उभे करू नये, चालवू नये. आडवे निजवून पाय उंच करावेत, श्वास घेता येत नसेल तर बसते ठेवावे आणि १०८ ला तत्काळ दूरध्वनी करावा. खरे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण त्रास उलटू शकतो.

प्रवेशाच्या वेळी पालकांनी एका कागदावर पदार्थाचे वा औषधाचे नाव, पूर्वी काय त्रास झाला, किती वेळात झाला आणि डॉक्टरांनी काय दिले, एवढे लिहून आणावे. त्याची एक प्रत अधीक्षकांकडे राहील आणि दुसरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, स्वयंपाक करणाऱ्या ताईंना वाचता येईल अशा ठळक अक्षरांत.